चेन सॉचं इंजिन जाम झालंय, दोन हजारात निघेल का? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

58 सीसीची साधी चायनीज बनावटीची चेन सॉ आहे. चुलत्यांनी घेतलेली, भावकीत सगळेच वापरतात. वळवाच्या वाऱ्यात बांधावरचं जुनं जांभूळ विहिरीच्या वाटेवर आडवं झालं. ते कापताना मशीन भर रेसमध्ये एकदम बंद पडलं. दोरी हलेचना. थंड झाल्यावर फिरली, पण आता आत दम राहिलेला नाही. स्टार्टरची मूठ धरून मशीन उचललं की थांबत थांबत खाली यायला हवं, ते सरसर खाली येतं.

सायलेन्सर खोलून बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या अंगाला वरून खालपर्यंत उभे ओरखडे आहेत, नख अडकेल इतके खोल. रिंगेची एक कड ॲल्युमिनियमनं लिंपल्यासारखी झाली आहे, टाचणीनं दाबली तरी खाचेत हलत नाही. कार्बोरेटर काढून दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर तिकडं पिस्टन एकदम चांगला, मशिनिंगच्या बारीक आडव्या रेघासुद्धा शाबूत. सिलिंडरलाही उभ्या रेघा दिसतात. पण तो सिलिंडरच खरवडलाय की पिस्टनचा धातू त्याला चिकटलाय, हे मला ओळखता येत नाही.

ऑईल लिटरला 40 मिली टू-टी, मापाच्या बाटलीनं. टाकीतलं मिश्रण काचेच्या ग्लासात ओतून बघितलं, ऑईलचा रंग आहे. एअर फिल्टर फाटलेला नाही. चुलते एक गोष्ट सांगतात. शेवटी शेवटी ट्रिगर सोडला तरी आवाज लगेच खाली बसत नव्हता, मशीन थोडा वेळ चढ्या रेसवरच राहायचं. त्याचा यात काही संबंध आहे का?

दुकानात "पूर्ण इंजिन बदला, नाहीतर नवीन घ्या" एवढंच उत्तर मिळालं. माझ्याकडं दोन हजाराच्या वर खर्चायची सोय नाही. उद्यमनगरात स्कूटरपासून ऑईल इंजिनपर्यंत कशालाही बोअर मारून (सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करून) मिळतो, मग याला ओव्हरसाईज पिस्टन टाकून चालेल का? आणि मुख्य काळजी ही की नवीन माल टाकला आणि महिन्याभरात तोही जाम झाला तर काय करायचं. कारण कळल्याशिवाय पैसे घालायचे नाहीत असं ठरवलंय. जाणकारांनी सांगावं.

शिरोलीचा फिटर:

दादा, बोअरिंगचा विषय आधी डोक्यातून काढा. स्कूटरच्या, आरएक्स 100 च्या ब्लॉकमध्ये बिडाची स्लीव्ह (आतली जाड नळी) असते, म्हणून तिथं बोअर वाढवता येतो. चेन सॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा, आणि आतून त्यावर क्रोम किंवा निकेलचा कडक थर असतो. तो थर मिलिमीटरच्या काही शतांशाइतकाच जाड. बोअर मारला की तो निघून गेला, खाली राहिलं मऊ ॲल्युमिनियम. त्यात नवीन पिस्टन घातला तर पहिल्याच दिवशी पुन्हा जाम होणार. लेथवाल्याचे पैसे वाया.

आता कारण बघू. फिल्टरमधून धूळ आत गेली असती तर ओरखडे कार्बोरेटरकडच्या बाजूला पडले असते. तुमचे सायलेन्सरकडं आहेत, म्हणजे ऑईल कमी पडलं किंवा पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली. ऑईल मापाचं आहे म्हणताय. मग चुलत्यांनी सांगितलंय तेच महत्त्वाचं. ट्रिगर सोडल्यावर रेस खाली न बसणं म्हणजे इंजिन कुठूनतरी चोरून हवा ओढतंय. टू-स्ट्रोकला वेगळं वंगण नाही, जे काही ऑईल मिळतं ते पेट्रोलातूनच. हवा वाढली की मिश्रण हलकं होतं, उष्णता वाढते, आणि पेट्रोल कमी पोचल्यामुळं ऑईलही तेवढंच कमी पोचतं. सायलेन्सरची बाजू आधीच सर्वांत गरम, म्हणून पहिला फटका तिथंच.

हवा शिरायच्या जागा तीन धरून चला: कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी गळा, क्रँकची (पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकांची ऑईल सील, आणि सिलिंडरखालचं पॅकिंग. गळा काढून हातानं वाकवून बघा, सरळ धरला तर चीर दिसत नाही. सील तपासायला घरात बीपी मोजायचं जुनं यंत्र असेल तर त्याचा फुगा आणि घड्याळ वापरा. सायलेन्सरचं आणि कार्बोरेटरचं तोंड सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून घट्ट बंद करायचं, पिस्टन एकदम खाली न्यायचा, प्लगच्या भोकातून हवा भरायची. सुई 200 पर्यंत नेऊन सोडा. पडायला लागली की सांध्यांवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे जागा दाखवतील. चेनच्या बाजूचं सील क्लचच्या मागं आहे. क्लचचे आटे उलटे असतात, ध्यानात ठेवा. प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडली की पिस्टन अडतो आणि क्लच सुटतो. हे सगळं किट (नवीन सिलिंडर-पिस्टनचा संच) घालायच्या आधी.

गडहिंग्लजकर:

फिटर दादांशी सहमत. सिलिंडर टाकण्याआधी एकदा कॉस्टिक सोड्यानं साफ करून बघा. तो ॲल्युमिनियम खातो, क्रोम-निकेलच्या थराला काही करत नाही. टॉयलेटचं ॲसिड मात्र वापरू नका, ते क्रोमला लागतं. सिलिंडर सुटा काढून, घराबाहेर, हातमोजे आणि चष्मा घालून काम करायचं. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी नाही. कानात घालायच्या कापसाच्या काडीनं फक्त रेघांवर लावा, पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडांना लागू देऊ नका, तिथं उघडं ॲल्युमिनियम असतं. बुडबुडे येतील तोवर चिकटलेला धातू निघतोय. थांबले की भरपूर पाण्यानं धुवा आणि बारीक पॉलिश पेपर ऑईलमध्ये बुडवून हलक्या हातानं तिरका फिरवा. नख कुठं अडकलं नाही तर सिलिंडर वाचला, नुसता पिस्टन आणि रिंगा घ्या. बुडबुडे थांबतच नसतील किंवा थराचा पापुद्रा निघाला असेल तर पूर्ण किट.

अजून एक. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल आहे. त्यात आपल्या उसाचंही आहे, अभिमान आहेच, पण ते पाणी ओढतं आणि हलक्या प्रतीचं रबर खराब करतं. काम झालं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. रबरी गळा वाकवला आणि खालच्या अंगाला, क्लिपच्या अगदी शेजारी, नखाएवढी चीर उघडली. वरून काहीच दिसत नव्हतं. सोड्यानं सिलिंडरवरच्या बहुतेक रेघा गेल्या, नख अडकत नाही. बीपीच्या फुग्यावर मात्र सुई हळूहळू पडते, बुडबुडे स्टार्टरच्या बाजूच्या सीलला. म्हणजे गळा, दोन्ही सील, पिस्टन आणि रिंगा एवढं घ्यायचं. सील चेन सॉच्याच दुकानात मागायचं, की लक्ष्मीपुरीत बेरिंगवाल्याकडं मापानं मिळेल?

शिरोलीचा फिटर:

जुनं सील सोबत न्या. त्याच्या अंगावर आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी छापलेली असते, बेरिंगवाल्याकडं त्यावरून मिळून जाईल. बसवताना ओठाची बाजू आत, त्याला थोडं ऑईल. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडं, रिंगेची टोकं खाचेतल्या पिनेच्या दोन्ही बाजूंना बसली पाहिजेत, नाहीतर सिलिंडर चढवतानाच रिंग मोडते. क्रँककेस पेट्रोलनं धुऊन घ्या, आत धातूचा चुरा असणार. कॉनरॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वर-खाली हलवून बघा, खालच्या बेरिंगला खेळ लागला तर थांबा आणि इथं लिहा. सुरू झाल्यावर कार्बोरेटरचा एच स्क्रू (भर रेसला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) थोडा जास्त उघडा ठेवा. रिकाम्या भर रेसला आवाज जरा फाटका यायला हवा आणि लाकडात घातल्यावर साफ व्हायला हवा. रिकामं असतानाच तार स्वरात किंचाळत असेल तर लगेच बंद करा.