प्रसिद्धी हवी तर सोसा?

नटनट्यांमागं लागणाऱ्या फोटोवाल्यांवरच्या चर्चेत एका दादांनी लिहिलंय, ‘प्रसिद्धी हवी, मग फोटोचा त्रासही सोसा.’ विमानतळावर, प्रीमियरला ठीक आहे. तिथं बऱ्याचदा नटनट्यांचीच माणसं फोटोवाल्यांना वेळ कळवतात. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये आलिया भट स्वतःच्या घरात, बैठकीत बसली असताना शेजारच्या गच्चीवरून तिचे फोटो काढले गेले. त्याला प्रसिद्धीची किंमत काहून म्हणायचं?

याच चर्चेत ब्रिटनच्या राजकुमारी डायनाचा विषय निघालाय, म्हणून सांगतो. गाडीच्या अपघातात झालेल्या तिच्या मृत्यूला २००८ मध्ये लंडनच्या ज्युरीनं तिच्या चालकासोबत पाठलाग करणाऱ्या फोटोवाल्यांच्या गाड्यांच्या बेफिकीर चालवण्यालाही जबाबदार धरलं. (चालक प्यायलेला होता, हेही खरंच.)

आमच्या यवतमाळकडं तर प्रसिद्धी न मागताच कॅमेरे येतात. शेजारचा कर्ता माणूस कर्जापायी गेला. तिसऱ्या दिवशी ओसरीत बुटांसकट चौघं हजर. “वहिनी, त्यांचा फोटो जरा वर धरा, अन् दाराकडं पाहा.” तिनं पाहिलं. मग उजेड कमी पडतो म्हणून तिला अंगणात, तुराट्यांच्या कुडाजवळ उभं केलं. सासू आत चुलीजवळ तोंडावर पदर घेऊन बसलेली. या बाईनं कोणती प्रसिद्धी मागितली होती, सांगा बाप्पा.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपण मूलभूत हक्क ठरवला. आमच्या गल्लीत ते तेव्हा कोणाला ठाऊक? मीही काही बोललो नाही. उलट त्या चौघांना पाणी आणून दिलं.