पीएस नको, आरपीएम बघा

४६ पीएसची (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं माप) केटीएम ३९० ॲडव्हेंचर बाइक ४० पीएसच्या रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० ला खाऊन टाकते, असं काही जण म्हणतात. हायवेवर मान्य. पण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, जवळपास सारखाच आहे: हिमालयनचा जास्तीत जास्त ४० एनएम ५५०० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे), केटीएमचा ३९ एनएम ६५०० ला. मागे बायको, दोन्हीकडे भरलेल्या बॅगा आणि वरंध घाटातलं वळण, मग हिमालयनचा जोर हजार आरपीएम आधीच मिळतो, हे जाणवतं.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी रिम आधी बघा. सुरुवातीच्या हिमालयन ४५० ला ट्यूब होती, ट्यूबलेस टायर चालणाऱ्या स्पोकच्या (तारांच्या) रिमचा पर्याय २०२४ मध्ये आला. ट्यूब असली की पंक्चर काढायला टायर रिममधून सोडवावा लागतो. माझ्या जुन्या (वेगळ्याच) ट्यूबवाल्या गाडीचं मागचं चाक पावसात पंक्चर झालं. ॲक्सल (चाकाचा दांडा) काढला, पण टायर काही रिम सोडेना. शेवटी चाक टेम्पोत टाकून महाड गाठलं.