'नीलप्रभा'ची भाजी होते का?

मंडळी, एका नावावर अडलोय. पोरांसाठी काल्पनिक राज्याची गोष्ट लिहितोय. त्यातल्या जंगलात एक भाजी आपोआप उगवते. पाला कच्चा खाल्ला तर घसा खवखवतो, चिंच घालून शिजवला की दिवसभर भूक लागत नाही. राक्षस जवळ आला की तिची पानं मिटतात. नाव ठेवलं 'नीलप्रभा'. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "ही भाजी हाय का अंगाचा साबण?" दुसरं नाव सुचवा. आणि हिला 'वनभाजी' म्हणू की 'रानभाजी'?

— रानभाजीच. वनात सीता जाते, नाहीतर वनखातं. त्यातून आपल्या कोल्हापुरात रान म्हणजे शेतसुद्धा. "बाबा रानात गेल्यात" म्हटलं की कुणी वाघ आठवत नाही. म्हणून गगनबावड्याच्या जंगलातली भारंगी जशी रानभाजी, तशीच उसाच्या बांधावरची घोळही. दोन्ही कुणी पेरलेल्या नसतात, एवढंच.

घसा खवखवण्याचं मात्र खरं जमलंय. शेवळात, अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच टोचतात. म्हणून शेवळात काकडं (काकड झाडाची आंबट फळं) किंवा चिंच घालतात.

— आईंना साष्टांग! रानभाज्यांची नावं बघा: टाकळा, कुर्डू, चिवळ, पाथरी, आंबुशी. दोन-तीन अक्षरांत काम. आंबुशी तर तोंडात टाकायच्या आधीच चव सांगते. त्यात प्रत्येक मुलखाचा हट्ट वेगळा. आपला टाकळा विदर्भात तरोटा होतो. तुमच्या राज्यातही डोंगराच्या अलीकडे एक नाव, पलीकडे दुसरं असू द्या, लगेच खरं वाटेल.

पानं मिटायचं तुम्ही राक्षसाकडं दिलंय, टाकळ्याची पानं रोज संध्याकाळी आपली आपणच मिटतात. त्यावरून सुचतंय: 'मिटवळ'. पानंही मिटतात, भूकही मिटते.

— मिटवळ झकास! फक्त गोष्टीत "नायकाने भाजी तोडली" असं लिहू नका. कर्टुली तोडतात, मुळा उपटतात, कोवळा पाला खुडतात. आणि बाजाराचा प्रसंग असला तर 'जुडी' नको हो, 'पेंडी' म्हणा. जुडी पुण्याला.

— सगळ्यांचे आभार. आईला 'मिटवळ' सांगितलं. म्हणाली, "लसूण जरा जास्त लागंल." म्हणजे पास! आता शेवटची शंका: तो टाकळा, ती चिवळ, ते कर्टुलं. मग मिटवळ कोण?

— ती. चिवळीची बहीण समजा. मिटवळीची पेंडी, मिटवळीत चिंच. 'मिटवळाची' म्हणून बघा, लगेच आजाराचं नाव वाटतं.