फोंतेन्हास ‘जपलं’ म्हणणाऱ्यांनी आतली ओल पाहिली आहे का?

मळ्यातला_उंडो
पणजीत दोन रात्री काढून आलेल्या एका पुणेकराने काल इथेच लिहिलं, की फोंतेन्हास, पणजीतली ही पोर्तुगीज काळातली जुनी वस्ती, ‘आदर्श’ आहे, पेठांनी तिच्याकडून शिकावं. तिथे रंग लागले, कॅफे निघाले, वस्ती पुन्हा उभी राहिली. वाचून जेवण गेलं नाही.

माझं आजोळ तिथलं. घरं एकाला एक चिकटलेली, भिंत सामाईक. समोरून पाहाल तर दोन खिडक्या आणि एक दार, आत शिरलात की घर संपत नाही. शेजाऱ्याचं पन्हळ तुंबलं की आमची न्हाणी ओली. ही वास्तुरचना फोटोत येत नाही. आजीच्या मागे वारस सतरा. गोव्याच्या कायद्याने मुलगा-मुलगी सगळ्यांचा वाटा सारखा. न्याय्यच आहे, पण सह्या मुंबई, लिस्बन, टोरंटोहून आणायच्या. त्या येईपर्यंत वासे गेले. शेजारचं घर हॉटेलवाल्याने भाड्याने घेतलं, ते चकाचक. वस्ती जिवंत आहे म्हणता? रात्री आठला जाऊन बघा, किती घरांत स्वयंपाकघराचा दिवा दिसतो.

शनिवारपेठी
तो पुणेकर मीच. आमच्या वाड्यात शेवटपर्यंत भाडं महिना 40 रुपये होतं. मालक म्हणे त्यात कौल बदलून होत नाही, आम्ही म्हणू मग पाडा. पाडला. चौकातल्या हौदावर आता लिफ्ट आहे आणि दिंडी दरवाजा भंगारात गेला. तुमच्याकडे निदान ओल यायला भिंत आहे.

चिऱ्याची_भिंत
ओल वारसांमुळे येत नाही हो, सिमेंटमुळे येते. फोंतेन्हासमधलं जे घर ‘नवं’ केलंय त्याची जोत्याजवळची पट्टी बघा. फुगलेली असते.

साइटवरचा
आली चुनावादी मंडळी. बावीस वर्षं बांधकामात आहे. पुट्टी, प्रायमर, बाहेरचा इमल्शन रंग. सात वर्षं बघायला नको. दरवर्षी चुना लावायला आता माणसं कुठून आणणार?

चिऱ्याची_भिंत
बावीस वर्षं काँक्रीटमध्ये काढली असतील. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो, जमिनीतलं पाणी वर ओढतो आणि बाहेर टाकतो. चुन्याचा गिलावा ते बाहेर जाऊ देतो. सिमेंटने तोंड दाबलंत की पाणी आत मुरतं, लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, येतो आणि पोपडा चिऱ्याचा थर घेऊनच निघतो. आमच्या रत्नागिरीच्या घराला काकांनी हौसेने सिमेंट केलं. तिसऱ्या पावसाळ्यात देवघराच्या भिंतीत बोट घातलं तर ते पेरापर्यंत आत गेलं.

आणि फोंतेन्हासचे रंग तेच का, याचा विचार केलाय? पिवडीचा पिवळा, हिरमुजीचा तांबडा, निळीचा निळा. चुन्यात टिकतात असे हे रंग. पांढरा चर्च-चॅपेलला, बाकीच्यांनी पावसाळ्यानंतर रंग द्यायचा, हा पोर्तुगीज काळातला दंडक सगळे सांगतात. पण तो रंग म्हणजे रंगीत चुनाच होता, डब्यातलं प्लास्टिक नव्हे.

साइटवरचा
तुमच्या काकांच्या गवंड्याने पाया तपासला नसेल, त्यात सिमेंटचा काय दोष? एका देवघरावरून अख्ख्या धंद्याला शिव्या घालू नका.

चिऱ्याची_भिंत
गवंड्यावर ढकलणं मात्र ठेकेदारांना अगदी जमतं.

शनिवारपेठी
इथे शहराबद्दल बोलणं चाललंय की गिलाव्याबद्दल?

मळ्यातला_उंडो
धागा माझा आहे, चालू द्या. आमची न्हाणीची भिंत सिमेंटचीच निघाली. काल मामाला फोन केला होता.

ओट्यावरची
मी तिथेच राहते. वरच्या मजल्यावर पाहुण्यांना दोन खोल्या देते, म्हणून उंडोबाबांच्या हिशोबात मी बहुतेक हॉटेलवालीच. त्या खोल्या नसत्या तर 2019 मध्ये छप्पर शाकारता आलं नसतं, घर विकलं असतं. शिंपल्यांच्या तावदानाची एक खिडकी दुरुस्त करायला कारागीर दोन महिने मिळाला नाही, ते पैसेही पाहुण्यांचेच.

आता दुसरी बाजू. परवा सकाळी दार उघडलं तर पायरीवर एक नवरी. तिचा फोटोवाला मला म्हणतो, “काकी, तेवढी दोरीवरची चादर काढा ना, फ्रेममध्ये येते.” माझी चादर! दोन दारं सोडून ‘फोटो काढू नका’ अशी पाटी आहे. तिचाही फोटो काढतात.

मळ्यातला_उंडो
काकी, तुम्हाला नव्हतं म्हणायचं. राहून खोल्या देणं वेगळं, कुलूप लावून मुंबईहून बुकिंग घेणं वेगळं. तरी ‘हॉटेलवाला’ सरसकट लिहिलं, ते चुकलं.

शनिवारपेठी
चादर काढलीत का?

ओट्यावरची
आणखी दोन वाळत घातल्या.

शनिवारपेठी
बरं. ‘आदर्श’ हा शब्द मागे घेतो. ‘उभं आहे’ एवढं ठेवतो, ते पेठेतून पाहिलं तर थोडं नाही.

साइटवरचा
मुरगावला चिऱ्याच्या एका जुन्या घराचं काम केलं होतं. आज मुद्दाम जाऊन पाहिलं. जोत्यापासून हातभर पोपडे. पाया मीच तपासला होता. असो. चुना कुठला घ्यायचा? विचारतोय म्हणजे हरलो असं समजू नका.

चिऱ्याची_भिंत
कळीचा, म्हणजे न विरवलेला. स्वतः भिजवायचा आणि निदान महिनाभर झाकून ठेवायचा. आधी ते सिमेंट खरवडा, त्यावर चुना धरत नाही. खर्च काकांना विचारून सांगते.