विषाणू ‘मरतो’ का?

विचारणा
परळच्या आमच्या चाळीत जिन्याशी लावायला पावसाळ्याची सूचना लिहीत होतो. ‘साबणाने हात धुतल्यास विषाणू मरतात.’ तळमजल्यावरच्या जीवशास्त्राच्या निवृत्त बाईंनी ‘मरतात’वर लाल काट मारली. “मरायला आधी जगावं लागतं,” म्हणाल्या. मग लिहू काय?

उत्तर
बाईंचं बरोबर. जीवाणू एका पेशीचा असला तरी त्याचा संसार पुरा असतो: स्वतःचं पटल, स्वतःचे रायबोसोम (पेशीतले प्रथिनं बनवणारे कारखाने), दुभंगून वाढणं. विषाणूच्या नावात जीव नाही, विष आहे. लॅटिन ‘व्हायरस’चा अर्थही विषच. आत डीएनए नाहीतर आरएनए, भोवती प्रथिनाचं कवच, संपलं. प्रथिनं बनवायची तर दुसऱ्याच्या पेशीत घुसायचं. १९३५ साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वेंडेल स्टॅन्लींनी तंबाखूच्या रोपांना होणाऱ्या रोगाच्या विषाणूचे चक्क स्फटिक मिळवले, खडीसाखरेचे मिळवावेत तसे. ते विरघळवून रोपाला लावले की रोग पुन्हा हजर! जीवशास्त्रज्ञ व्हिटेकर यांनी १९६९ साली सजीवांच्या पाच सृष्टी पाडल्या, त्यांत विषाणूला जागा नाही. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वूझ यांनी तर रायबोसोममधल्या आरएनएवरून सजीवांची कुळं लावली. ज्याच्याकडे रायबोसोमच नाही त्याचं नाव रेशनकार्डावर चढणार कसं?

उपप्रश्न
मग शाळेत सूक्ष्मजीवांच्या धड्यात विषाणू कसा?

उत्तर
सोयीसाठी, पाहुणा म्हणून. मला त्याहून ‘जंतू’ खटकतो. पावसाळ्यात आपण डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), मलेरिया सगळ्यांचे ‘जंतू’च म्हणतो. पहिला विषाणू, दुसरा जीवाणू, तिसरा आदिजीव. गुडघाभर पाण्यातून आल्यावर लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविक गोळी देतात, ती डेंग्यूवर कुचकामी. ‘प्रतिजैविक’ हा शब्द नीट वाचला तरी हे कळावं.

मूळ विचारणाऱ्याकडून
म्हणजे ‘नष्ट होतात’ लिहू?

उत्तर
तेही अर्धंच खरं. करोनाच्या विषाणूला वरून मेदाचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए काविळीच्या विषाणूला असं आवरणच नाही. तो साबणाने फुटत नाही, हात चोळले की पाण्याबरोबर वाहून जातो. दोघांनाही चालेल असं क्रियापद शोधा.

मूळ विचारणाऱ्याकडून
‘विषाणू धुवून जातात’ लिहून नेलं. बाईंनी पुन्हा लाल पेन काढलं: “धुवून नाही, धुऊन.”