बोदाबिल : उसनी करमणूक की फिलिपिनो रंगभूमी?

रंगपीठ :
फिलिपिन्सच्या रंगभूमीचा इतिहास सांगताना सार्सुवेला या संगीत नाट्यप्रकाराला मानाचे पान मिळते आणि बोदाबिलची बोळवण मात्र ‘अमेरिकी व्होडव्हिलची नक्कल’ एवढ्या शेऱ्यावर केली जाते. मला हा शेरा अन्यायकारक वाटतो. गाणी, नाच, कसरती, जादूचे खेळ आणि छोटी प्रहसने एकापाठोपाठ एक सादर करण्याची ही पद्धत अमेरिकी अमलात मनिलात आली, आणि १९२१ मध्ये उत्तर अमेरिकेतून परतलेले पियानोवादक लुईस बोरोमिओ यांनी तिला जॅझची जोड देऊन लोकप्रिय केले, हे निर्विवाद आहे. पण पुढे ती परकी राहिली नाही. आत पिल्लू धरलेले बदकाचे उकडलेले अंडे, म्हणजे बालुत, तिथे रात्री रस्तोरस्ती ओरडून विकतात. त्या अंड्यावरचे गाणे बोदाबिलची सम्राज्ञी काती दे ला क्रूझ जॅझच्या ढंगात गात असत. त्याला नक्कल कसे म्हणायचे?

जुना प्रेक्षक :
आपण एका गाण्यावरून फार मोठा निष्कर्ष काढत आहात. बोदाबिल आले तेव्हा मंच रिकामा नव्हता. सेव्हेरिनो रेयेस यांचा ‘वालांग सुगात’ हा सार्सुवेला १९०२ मध्ये रंगभूमीवर आला होता आणि तगालोग या तिथल्या भाषेतले नाटक वसाहतवादाविरुद्ध उघडपणे बोलू लागले होते. अमेरिकी प्रशासनाने १९०१ च्या राजद्रोह कायद्याचा बडगा उगारला, १९०३ मध्ये नाटककार आउरेलियो तोलेंतिनो यांना त्यांच्या नाटकापायी अटक झाली, आणि बोलणाऱ्या रंगभूमीचा आवाज असा दाबला गेल्यानंतर पुढच्या दोन दशकांत तिच्या जागी नर्तिकांचे ताफे आणि चॅप्लिनच्या नकला आल्या. ज्या करमणुकीची राज्यकर्त्यांना कधीच अडचण होत नाही, तिच्याकडे मी संशयानेच पाहतो.

रंगपीठ :
राज्यकर्त्यांना अडचण झालीच नाही, हे मात्र मान्य करता येत नाही. जानेवारी १९४२ मध्ये जपानी सैन्य मनिलात शिरले, चित्रपटनिर्मिती जवळजवळ थांबली आणि पडद्यावरचे नटनट्या पोटासाठी मंचावर आले. त्या काळात पुगो आणि तोगो या विनोदी जोडीने जपानी सैनिकांची भूमिका करताना दोन्ही हातांवर एकाखाली एक अशी कितीतरी घड्याळे चढवली होती. सैनिक रस्त्यात अडवून लोकांची घड्याळे काढून घेत असल्यामुळे प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ तत्काळ कळला. जपान्यांनाही तो कळला, आणि दोघांना तुरुंगात जावे लागले. तोलेंतिनो यांच्या अटकेला आपण जे मोल देता, तेच या अटकेला का देऊ नये?

जुना प्रेक्षक :
त्या दोघांच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु संहिता जपानी परीक्षकांकडून तपासून घ्यावी लागत असे, आणि एवढ्या कडक तपासणीनंतरही नाट्यगृहे चालू राहिली, कारण एकंदर कार्यक्रम निरुपद्रवी मानला गेला. एका प्रहसनाने प्रकाराचे चारित्र्य ठरत नाही.

तिसरी घंटा :
सार्सुवेलाच्या ऱ्हासाचे खापर बोदाबिलवर फोडण्याला माझा आक्षेप आहे. सार्सुवेलाची श्रेष्ठ गायिका अतांग दे ला रामा बोदाबिलच्या मंचावरूनही कुंदिमान, म्हणजे तगालोग प्रेमगीते, गात होत्या, त्यामुळे या दोन प्रकारांत तुम्ही समजता तेवढी उभी भिंत नव्हती. प्रेक्षक ओढला तो चित्रपटाने. चित्रपटगृहांचे मालक दोन खेळांच्या मधल्या वेळेत बोदाबिल ठेवत, म्हणजे बोदाबिलही तिथे आश्रितच होते. पुढे युद्धकाळात मंचावर नाचणारा पोरगेला डॉल्फी दूरचित्रवाणीवरचा सर्वांत लाडका विनोदी नट झाला, आणि १९७९ पासून दुपारी लागणाऱ्या ‘ईट बुलागा’ या कार्यक्रमात आजही नाच, स्पर्धा आणि प्रहसन त्याच मिश्रणात दिसते. राजकीय नाटकाचे मोल मी कमी करत नाही, पण रोज कष्ट करून संध्याकाळी तिकीट काढणाऱ्या माणसाने काय निवडले, हेही इतिहासात नोंदवायला हवे.