अनुभव धागा: भिंतीवरचं मॅक्रमे, स्वस्त सामानात

मॅक्रमे म्हणजे दोरीला गाठी मारून केलेली सजावट. ही बोहो (मोकळ्या, हातकामाच्या ढंगाची) पद्धतीची सजावट दुकानात महाग असते, पण तिचं सामान म्हणजे सुती दोरी, एखादी काठी, लाकडी मणी आणि कात्री. हे ज्यांच्या हातात बसलंय त्यांनी नेमकं लिहावं: किती दोरी, कुठली गाठ, काय बिघडतं आणि का. नुसते फोटो नकोत.

*

सगळ्यात जास्त फसगत दोरीच्या लांबीत होते, म्हणून आधी हिशोब. गाठींचा भाग ३० सें.मी. आणि खाली झालर २० सें.मी. धरा. गाठींत दोरी साधारण चौपट खपते, झालरीत जेवढ्यास तेवढी. म्हणजे एका पदराला १२० अधिक २०, एकूण १४० सें.मी. दोरी दुमडून काठीवर अडकवायची, एका दोरीचे दोन पदर होतात, म्हणून दुप्पट: २८०. हात राखून ३ मीटर कापा. ४ मि.मी. जाडीच्या दोरीचा एक अडकवलेला फास साधारण १ सें.मी. जागा घेतो. २४ दोऱ्या घेतल्या तर रुंदी पाव मीटरच्या आसपास येते आणि दोरी ७२ मीटर लागते. काठी ४० सें.मी.ची हवी, दोन्ही बाजूंना टांगायला जागा उरते.

दोऱ्यांची संख्या समच ठेवा. स्क्वेअर नॉटला (नेहमीची चपटी गाठ) चार पदर लागतात, विषम संख्येत शेवटी दोन पदर लोंबकळत राहतात. आणि गाठींची वीण घट्ट असेल तर चौपट नाही, पाचपट धरा; मधेच संपलेल्या दोरीला जोड दिला की तो समोरून दिसतोच.

*

स्क्वेअर नॉट पिळत जाते अशी तक्रार नवीन लोक हमखास करतात. कारण एकच: ही गाठ दोन अर्ध्या गाठींची बनते, आणि त्या दोन्ही एकाच बाजूने सुरू होतात. चार पदरांतले मधले दोन स्थिर. डावा पदर मधल्यांच्या समोरून उजवीकडे न्या, उजव्याच्या मागे ठेवा. उजवा पदर मधल्यांच्या मागून नेऊन डावीकडच्या फाशातून पुढे काढा, ओढा. आता तेच उजवीकडून. खूण लक्षात ठेवा: समोरून जाणारा पदर दोन्ही वेळा तोच असतो, फक्त दुसऱ्या वेळी तो उजवीकडे आलेला असतो. तो बदलला की गाठ पिळणार. (पिळाची वेल मुद्दाम हवी असेल तर बाजू बदलूच नका, सुंदर दिसते.)

पुढच्या ओळीत कडेचे दोन-दोन पदर सोडून शेजारच्या गाठींचे दोन-दोन घ्या, जाळी तयार होते. दोन ओळींतलं अंतर नजरेने ठेवू नका. २ सें.मी. रुंद पुठ्ठ्याची पट्टी कापून गाठीखाली धरा आणि पुढची गाठ तिला टेकवून ओढा. कडेचे पदर आपण नकळत जास्त ताणतो, त्यामुळे काम खाली निमुळतं होत जातं. दर ओळीला रुंदी मोजा; अर्धा सेंटिमीटर कमी आली तरी तीच ओळ उसवा. पाच ओळी पुढे गेल्यावर काही करता येत नाही.

*

झालर फुलवायची असेल तर एकाच पिळाची दोरी घ्या. तीन पेडी दोरी आधी हाताने उलगडावी लागते, विणलेली दोरी विंचरली जातच नाही. टोकाकडून वर विंचरत या. मग पाण्याचा फवारा मारा, हात फिरवून सरळ करा आणि वाळल्यावर कापा. तुकडा टांगलेला असतानाच कापायचं. टेबलावर सरळ कापलेली झालर भिंतीवर तिरकी दिसते. पहिल्यांदा १ सें.मी. जास्त ठेवा.

*

रंगवणाऱ्यांसाठी: दोरीचा छोटा तुकडा जाळून बघा. कागदासारखा वास आणि राख, तर सूत. वितळून कडक मणी झाला, तर पॉलिस्टर. त्याला चहाचा रंग धरत नाही. १ लिटर पाण्यात ४ मोठे चमचे चहापूड उकळून गाळा. झालर आधी साध्या पाण्यात ओली करून मग टोकं बुडवा, म्हणजे रंगाची कड कापल्यासारखी न दिसता विरत जाते. हळदीचा पिवळा मोहक असतो, पण उन्हात उडतो आणि साबण लागला की लालसर होतो. ऊन येणाऱ्या भिंतीवर हळद नकोच.

*

काठीबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून थोडं. पेरूची फांदी छान दिसते. साल काढा, नीट वाळवा, आधी १२० मग २२० नंबरचा काचकागद मारा; खडबडीत लाकडावर दोरीचे धागे अडकतात. काठीखाली बारीक भुकटी पडू लागली तर आत कीड आहे, ती काठी वापरू नका. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड उचलत असाल तर काही दिवस गोड्या पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. आत मीठ राहिलं तर लाकूड दमट राहतं आणि दोरीवर डाग येतात.

*

काठीऐवजी तारेच्या रिंगेवर काम करणाऱ्यांसाठी फक्त एक आकडा. ८ इंची, ३ मि.मी. तारेची रिंग ४ मि.मी. दोरीने पूर्ण झाकायला साडेतीन मीटर लागतात, ४ कापा. साध्या लोखंडी तारेला आधी रंगाचा हात द्या, नाहीतर पावसाळ्यात गंज दोरीत उतरतो.

*

रिंगेवर आरसा लावणार असाल तर ग्लू गनवर भरवसा नको. गुळगुळीत काचेवर तो गोंद उन्हाळ्यात सुटतो. आरशाच्या मागून-पुढून दोरीची जाळी बांधा, वजन जाळीने पेलू दे.

सुतळीचं काम बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका, बुरशी येते. सुती कामही भिंतीला चिकटून नको. काठीच्या दोन टोकांना मागून एकेक लाकडी मणी बांधला की मधून हवा खेळते. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर चिकटणारे हुक रंगाच्या पापुद्र्यासकट निघतात, तिथे खिळाच ठोका.